सरकारी शाळा लोकवर्गणीवर चालवायच्या, तर गरीब वस्तीतल्या शाळेनं काय करायचं?

पेठरोड_वैशाली

नमस्कार मंडळी. बरेच दिवस हे मनात घोळतंय, आज लिहूनच टाकते. माझी मुलगी नाशिक शहरातल्या एका सरकारी मराठी शाळेत पाचवीत आहे आणि मी तिथल्या शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण मुद्दा एका शाळेचा नाहीये.

आमचा पट ८४. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेला वर्षाला संयुक्त शाळा अनुदान येतं, ३१ ते १०० पटाला २५ हजार रुपये. त्यातले दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असा नियम, म्हणजे फिनेल, झाडू, हार्पिक, साबण, मुलींच्या संडासाची कडी तुटली तर ती, सगळं अडीच हजारात, वर्षभर. उरलेल्या पैशात लाइट बिल, खडू, रजिस्टरं, झेरॉक्स, नेटचा रिचार्ज, ट्यूबा, नळ. एका मुलामागे हिशेब केला तर वर्षाला तीनशे रुपयेही पडत नाहीत. आणि ते तरी जूनमध्ये कुठे येतात? शाळा सुरू होते तेव्हा खातं रिकामं असतं आणि मुख्याध्यापक बाई स्वतःच्या पर्समधून काढतात.

आता पाण्याचा फिल्टर बंद पडलाय. तीन तोट्यांपैकी दोन तोट्या चिंधी बांधून ठेवल्यात आणि तिसरीतून येणारं पाणी फिल्टर न होता येतं. दुरुस्तीवाल्यानं साडेसहा हजार सांगितले. वरून उत्तर आलं की लोकसहभागातून करून घ्या. मीटिंग घेतली, घरटी शंभर रुपये ठरले. आमच्याकडे पालक कोण? मार्केट यार्डात हमाली करणारे, धुणीभांडी करणाऱ्या बायका, सुरगाणा-पेठहून बांधकामावर आलेली बिऱ्हाडं. एक बाई मीटिंग झाल्यावर थांबली आणि म्हणाली, ताई, तीन पोरं आहेत माझी इथं, घरटी म्हणजे शंभरच ना, तीनशे नाही ना? मला काय बोलावं सुचेना.

तर विचारायचं हे होतं, की तुमच्या तुमच्या शाळांमध्ये पैसा नक्की कसा येतो, कुठे अडतो, आणि वर्गणीवर चालणारी ही पद्धत तुम्हाला बरोबर वाटते का?

सातपूरचा_संतोष

ताई, मनातलं लिहिलंत. मी अंबडला कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर आहे. पोराला सरकारी शाळेत घातलं होतं, दुसरीपर्यंत होता. दोन वर्ग एका खोलीत, एक बाई, त्यात बाईंना मतदार यादीचं काम लागलं की दिवस दिवस वर्ग मोकळा. शेवटी सिडकोत एका छोट्या इंग्लिश मिडियममध्ये टाकला. फी २२ हजार, व्हॅनचे महिन्याला ९००, पुस्तकं त्यांच्याकडूनच घ्यायची. बायकोनं पिको-फॉलचं मशीन घेतलंय हप्त्यावर. लोक म्हणतात गरिबांना इंग्रजीचं खूळ लागलंय. खूळ नाही हो, वर्गात शिक्षक दिसला पाहिजे एवढंच होतं.

हिशेबनीस

थोडं विरोधी मत मांडतो, राग मानू नका.

पैसा कमी आहे हे मला पटत नाही. झेडपीच्या एखाद्या वाडीवरच्या शाळेत २२ मुलं आणि दोन शिक्षक आहेत असं धरा. दोघांचा सरासरी पगार ७० हजार, म्हणजे वर्षाला १६ लाख ८० हजार. भागिले २२, एका मुलामागे पाऊण लाखाच्या वर. संतोषभाऊ ज्या शाळेत २२ हजार भरतात तिच्या तिपटीहून जास्त. मग सरकार खर्च करत नाही असं कसं म्हणायचं? पैसा आहे, पण तो पगारात जातो आणि पगाराचा वर्गातल्या शिकवण्याशी कोणी हिशेब जुळवत नाही. आधी तो जुळवा, मग अनुदान वाढवा.

मास्तर_डोंगरमाथा

हिशेबनीस साहेब, मी तशाच एका वाडीवरच्या शाळेतला शिक्षक आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमचा भागाकार बरोबर आहे पण त्यातून निघणारा अर्थ बरोबर नाही. पहिली ते पाचवी, पाच इयत्ता, दोन शिक्षक. मुलं २२ असोत की ५०, इयत्ता पाचच राहतात. डोंगरावरची शाळा महागच पडणार, कारण तिथे माणसं विरळ आहेत. पोस्टमन लागतो, लाइनमन लागतो, तसा शिक्षक लागतो. शिक्षण हक्क कायद्यानं ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक दिलेत ते याच कारणानं.

आता पगार सोडून शाळेला काय मिळतं ते बघा. माझा पट मागच्या वर्षी ३१ होता, २५ हजारांच्या गटात. दिवाळीनंतर कुटुंबं निफाड-दिंडोरीकडे द्राक्षाच्या कामाला उतरतात. एक कुटुंब पुढच्या वर्षी परत आलंच नाही, पोरं तिकडच्याच शाळेत घातली. माझा पट ३० च्या खाली आला. ३० पर्यंत पटाला अनुदान १० हजार. तीन पोरं गेली आणि शाळेचे १५ हजार गेले. पण छप्पर तेवढंच आहे ना, लाइट बिल तेवढंच, संडास तेवढाच. मुलं कमी झाली म्हणून पावसाळ्यात पत्रा कमी गळत नाही.

शिवाय आधार. संच मान्यतेला, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार ते ठरवताना, आधार वैध असलेलीच मुलं मोजतात. माझ्याकडे चार पोरांची नावं आधारवर एक आणि शाळेत दुसरी, कुणाची जन्मतारीखच १ जानेवारी लावलेली. रोज समोर बसणारी, खिचडी खाणारी, पाढे म्हणणारी पोरं कागदावर नाहीत. दुरुस्तीला तालुक्याला जायचं म्हणजे बापाची एक दिवसाची मजुरी बुडाली, भाडं वेगळं, आणि तिथं गेल्यावर सर्व्हर बंद. ज्याच्या घरी गाडी आहे, चार कागद फाइलमध्ये लावलेले आहेत, त्याच्या पोराचं आधार कधी चुकत नाही.

गंगापूररोडवाली

मास्तर, ते आधारचं वाचून खरंच धक्का बसला. म्हणजे मूल वर्गात आहे पण शिक्षक मंजूर करताना नाही?

मास्तर_डोंगरमाथा

हो ताई. आणि पट कमी की शिक्षक कमी, शिक्षक कमी की ज्याला जमेल तो पालक पोरगं काढून घेतो, की पट आणखी कमी. १५ मार्च २०२४ चा संच मान्यतेचा शासन निर्णय आला तेव्हा शिक्षक रस्त्यावर उतरले ते ह्यासाठीच. लोकांना वाटलं पगारवाढीसाठी उतरले.

जुनं_नाशिक

मी सत्तरीच्या घरात आहे. आम्ही रविवार कारंजाजवळ राहायचो, म्युन्सिपाल्टीच्या शाळेत शिकलो. माझ्या बाकावर डाव्या हाताला एका डॉक्टरांचा मुलगा आणि उजव्या हाताला तांबट आळीतल्या कारागिराचा. शाळेचं छप्पर गळालं तेव्हा डॉक्टर स्वतः नगरपालिकेत जाऊन अध्यक्षांच्या टेबलासमोर बसले, आणि आठ दिवसात कौलं बदलली. आज त्या डॉक्टरांचा नातू त्या शाळेत नाही. गळक्या छपरासाठी टेबलासमोर कोण बसणार?

कोठारी आयोगानं १९६६ साली सांगून ठेवलंय, परिसरातली सगळी मुलं परिसरातल्या एकाच शाळेत जावीत आणि शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च व्हावा. दोन्हींची वाट बघण्यात आमची पिढी म्हातारी झाली.

किकवीकाठचा_भाऊ

काका 🙏 बाय द वे तांबट आळीतल्या त्या मित्राचं पुढे काय झालं?

जुनं_नाशिक

सरकारी नोकरीत गेला, इंजिनियर झाला, आता पाथर्डी फाट्याला बंगला आहे. अजून दर रविवारी भेटतो, मिसळीचे पैसे तोच देतो.

निफाडकर_बागायतदार

वैशालीताई, लोकवर्गणीला इतकं वाईट म्हणू नका, आमच्या गावचा अनुभव सांगतो. आमची झेडपीची शाळा बघायला बाहेरून लोक येतात. ग्रामसभेत ठरलं, द्राक्षाच्या हंगामात ज्यानं त्यानं एकरी काहीतरी द्यायचं. एका वर्षात चार लाखांच्या वर जमले. स्मार्ट टीव्ही, आरओ, कंपाउंड, पेव्हर ब्लॉक, बोलक्या भिंती. सेमी इंग्रजी सुरू केलं. इंग्लिश मिडियमच्या तीन पिवळ्या बसेस गावात यायच्या, त्यातल्या दोन बंद झाल्या. सरकारची वाट बघत बसलो असतो तर आजही पोरं खाली फरशीवर बसली असती. गावानं मनावर घेतलं की होतं.

रानवारा_सुरगाणा

निफाडकर दादा, तुमच्या गावाचं कौतुकच आहे, मनापासून. पण "गावानं मनावर घेतलं की होतं" हे वाचून थोडं दुखलं, म्हणून लिहिते.

तुमच्या बागेत छाटणीला, डिपिंगला, थिनिंगला जी माणसं येतात ती माझ्या गावची आहेत. दिवाळी झाली की गावात म्हातारे आणि आजीकडे ठेवलेली पोरं उरतात. ग्रामसभा घेतली तर वर्गणी कुणाकडे मागायची? एकरी द्यायचं म्हणाल तर आमच्याकडे डोंगरउतारावर भात आणि नागली, ती घरात खायलाच पुरत नाही. आमच्या लोकांनी मनावर घेतलं तेव्हा श्रमदानानं शाळेची संरक्षक भिंत रचली, दगड नदीतून वाहून आणले. पण श्रमदानातून टीव्ही येत नाही.

म्हणजे एकाच जिल्ह्यात, एकाच जिल्हा परिषदेच्या दोन शाळा. तुमच्या बागेत ज्यांचे हात राबतात त्यांची पोरं एका शाळेत आणि बाग ज्यांची आहे त्यांची दुसऱ्या शाळेत, आणि लोकसहभाग म्हटलं की दुसरी पुढे जाणार, पहिली आहे तिथेच राहणार. गरज जिथे जास्त तिथेच वर्गणी कमी जमते. यात तुमची चूक नाही, पण सरकारनं लोकसहभागाच्या भरवशावर शाळा सोडणं ही चूकच आहे.

निफाडकर_बागायतदार

ताई, बरोबर बोललात. आमच्याच शाळेत हंगामात चाळीस-पन्नास मजुरांची पोरं येऊन बसतात, त्यांना हंगामी प्रवेश देतो आम्ही. मास्तर लोक नाही म्हणत नाहीत. पण मार्चअखेर ती निघून जातात, तेव्हा कुठल्या शाळेच्या पटावर ती असतात हे खरंच कोडं आहे.

पेठरोड_वैशाली

रानवाराताई, मला जे म्हणायचं होतं ते तुम्ही नेमकं मांडलंत. शहरातही हेच आहे. चांगल्या वस्तीतल्या सरकारी शाळेला कुणीतरी डॉक्टर, बिल्डर, क्लब मिळतो. सीएसआरचंही, म्हणजे कंपन्यांनी समाजकामावर करायच्या खर्चाचंही तसंच, कंपनीची माणसं सातपूर-अंबडच्या आसपासच्या शाळेत येतात, बाकं देतात, फोटो काढतात. आमच्याकडे कोणी फिरकत नाही.

हिशेबनीस

सीएसआरबद्दल एक. २०१३ च्या कंपनी कायद्यातच आहे की दोन टक्के खर्च करताना कंपनीनं आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं. त्यामुळे एमआयडीसी जिथे, सीएसआर तिथे. सुरगाणा-पेठला मोठे कारखाने नाहीत. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारनं दत्तक शाळा योजना आणली तीसुद्धा त्याच वाटेनं जाणार, देणगीदार सोयीची शाळा निवडणार.

रानवाराताईंचा मुद्दा मला पटला. तरी पगाराचा माझा मुद्दा मी सोडलेला नाही बरं का 🙂

ओहायोचा_नाशिककर

मी गेली बरीच वर्षं अमेरिकेत आहे, देवळाली कॅम्पचा मूळचा. धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय.

इथे तर हीच गोष्ट कायद्यानं बांधून ठेवलीय. सरकारी शाळेच्या पैशातला मोठा वाटा त्या भागातल्या प्रॉपर्टी टॅक्समधून येतो. साधारण निम्म्याच्या जवळपास स्थानिक पैसा, तेवढाच राज्याचा, आणि केंद्राचा त्या मानानं थोडा. जिथे घरं महाग तिथे शाळेला पैसा जास्त. लोक घर घेताना आधी शाळा बघतात, आणि शाळा चांगली म्हणून घर आणखी महाग होतं. ज्याला ते परवडत नाही त्याचं मूल दहा मिनिटांवरच्या दुसऱ्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये जातं जिथे तीच पुस्तकं दहा वर्षं जुनी.

टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोच्या एजवुड भागातले पालक यावर कोर्टात गेले होते, बहुतेक मेक्सिकन वंशाची कष्टकरी माणसं. सुप्रीम कोर्टानं १९७३ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी त्यांच्या विरुद्ध निकाल दिला, म्हणे शिक्षण हा इथल्या घटनेनं दिलेला मूलभूत हक्क नाही. पुढची लढाई मग राज्याराज्यांच्या कोर्टात गेली, काही ठिकाणी सूत्र बदललं, काही ठिकाणी नाही.

आपल्याकडे त्या मानानं पाया चांगला आहे. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीनं ६ ते १४ वयाला शिक्षण हा मूलभूत हक्क झाला. मास्तरांचा पगार गावाच्या घरपट्टीवर अवलंबून नाही, सुरगाण्याला आणि निफाडला वेतनश्रेणी एकच. ही फार मोठी गोष्ट आहे, ती जपा. पगार सोडून बाकीचं सगळं वर्गणीवर ढकललं तर तुम्ही हळूहळू आमच्या वाटेला याल.

गंगापूररोडवाली

घरपट्टीच्या बिलात आपल्याकडेही शिक्षण कर असतो ना? आत्ताच काढून बघितलं, आहे. आणि इन्कम टॅक्सवर ४ टक्के आरोग्य आणि शिक्षण उपकर. म्हणजे आपण सगळे भरतोय.

दुसरं एक सुचलं. माझी दोन्ही मुलं खासगी शाळेत आहेत. जुन्या कर पद्धतीत ट्यूशन फी ८०सी च्या वजावटीत दाखवता येते, दीड लाखाच्या मर्यादेत. आम्ही दरवर्षी दाखवतो. तीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असलेल्या माणसाला त्यातून चांगली रक्कम सुटते. म्हणजे माझ्या मुलांच्या फीमधला थोडा भार सरकारच उचलतं की. आणि वैशालीताईंच्या शाळेत एका मुलामागे तीनशे. मी हे असं आजवर कधी शेजारी शेजारी ठेवून पाहिलं नव्हतं.

सातपूरचा_संतोष

आम्हाला ना ८०सी ना काही. कॉन्ट्रॅक्टवाल्याला टॅक्स लागण्याएवढा पगारच नसतो.

किकवीकाठचा_भाऊ

सिंहस्थ येतोय २०२७ ला. रस्ते, पूल, घाट, सगळीकडे खोदून ठेवलंय. त्याच्या हजारो कोटींतून एक-दोन टक्के शाळांना दिले असते तरी फिल्टर काय, इमारती झाल्या असत्या.

जुनं_नाशिक

भाऊ, सिंहस्थाचा निधी सिंहस्थासाठी येतो, तो शाळेला वळवता येत नाही. त्यावरून इथे वाद नको, धागा भरकटेल. मात्र साधुग्राम, घाट यांचा आराखडा दोन वर्षं आधी तयार होतो, कुठला नळ कुठे हे सुद्धा ठरतं. तसा एकेका शाळेचा आराखडा का होत नाही, हे विचारायला हरकत नाही.

आरटीई_आई

आमचं वेगळं आहे, पण याच विषयातलं. माझा मुलगा शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) २५ टक्के राखीव जागांतून एका खासगी शाळेत लागला. उत्पन्नाचा दाखला एक लाखाच्या आतला, लॉटरीत नंबर लागला तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. शाळेला सरकार एका मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये देणार, पण ते वेळेवर येत नाहीत अशी शाळांची ओरड असते, आणि त्याचा राग आमच्यावर निघतो. ॲक्टिव्हिटी फी, गॅदरिंगचा ड्रेस, सहल, कशाकशाला पैसे मागतात. नाही दिले तर मूल बाजूला बसतं. गॅदरिंगच्या दिवशी माझ्या मुलाला पोटात दुखतंय असं तो स्वतःच म्हणाला आणि घरी राहिला. सात वर्षांचं पोर. त्याला ड्रेसचा आकडा माहीत होता.

२०२४ च्या फेब्रुवारीत सरकारनं नियम काढला होता की सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेला ही २५ टक्के मुलं घ्यायचीच गरज नाही. हायकोर्टानं मे महिन्यात स्थगिती दिली आणि जुलैमध्ये तो नियम रद्दच केला म्हणून बरं. नाहीतर शहरात आमच्यासारख्यांचा तो दरवाजा बंदच झाला होता.

पेठरोड_वैशाली

आरटीई_आई, वाचून गलबलून आलं. त्याला इकडे घेऊन या कधीतरी, आमच्या गॅदरिंगला सगळी पोरं युनिफॉर्मवरच नाचतात.

मास्तर_डोंगरमाथा

जेवणाचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. पोषण आहाराला तांदूळ वेगळा येतो. बाकी डाळ, तेल, भाजी, मीठ-मसाला, इंधन यासाठी मे २०२५ पासून प्राथमिकच्या मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे धरलेत. माझ्या २८ पोरांचे १९० रुपयेही होत नाहीत. आमच्या स्वयंपाकीण मावशी अडीच हजार मानधनावर चूल पेटवतात, फुंकणी घरची आणतात.

२०२३ च्या शेवटी आठवड्यातून एक अंडं सुरू झालं होतं. अंड्याच्या दिवशी माझी हजेरी शंभर टक्के. दुसरीतला एक पोरगा अर्धं अंडं खिशात घालायचा, घरी लहान बहीण होती त्याची, अजून शाळेत यायला लागली नव्हती. मी बघून न बघितल्यासारखं करायचो. जानेवारी २०२५ मध्ये सरकारनं त्या अंड्याचा निधी बंद केला आणि कळवलं की द्यायचं असेल तर लोकसहभागातून द्या. बागायती गावात ते चालू राहिलं. माझ्याकडे काही महिने आम्ही दोघा शिक्षकांनी ओढलं, मग आम्हालाही घर आहे.

अनुसूचित जाती-जमातीच्या दारिद्र्यरेषेखालच्या मुलींना पहिली ते चौथी हजर राहिल्याबद्दल दिवसाला एक रुपया भत्ता आहे. तो १९९२ पासून एक रुपयाच आहे. मी स्वतः त्या वर्षी चौथीत होतो, तेव्हा रुपयात वही यायची.

गंगापूररोडवाली

मास्तर, अंड्याचं मी करू शकते. आमच्या सोसायटीत बोलते. खाजगीत निरोप पाठवा.

रानवारा_सुरगाणा

गंगापूररोडताई, पाठवा, नक्की पाठवा, पोरांना आज अंडं मिळालं पाहिजे. फक्त त्याच्या जोडीला हेही विचारा तुमच्या आमदारांना, की हा खर्च सरकारनं का सोडला. तुमचा शब्द जिथे पोहोचतो तिथे आमचा पोहोचत नाही.

हिशेबनीस

एक प्रामाणिक प्रश्न. २० पेक्षा कमी पटाच्या शाळा राज्यात १४ हजारांहून जास्त आहेत. त्या एकत्र करून समूह शाळा केल्या, तोरणमाळ-पानशेतसारख्या, बस दिली, सगळ्या विषयांना शिक्षक, लॅब, ग्राउंड दिलं, तर गरीब मुलांचाच फायदा नाही का? तुटपुंज्या दहा शाळांपेक्षा एक धड शाळा बरी.

रानवारा_सुरगाणा

कागदावर बरं वाटतं. आमच्याकडे पावसाळ्यात ओहोळ भरले की बस सोडा, बैलगाडी जात नाही. सहा वर्षांची पोर पाच किलोमीटरवर कोण पाठवणार? मुलगा कदाचित जाईल, मुलगी घरी बसेल, भावंडं सांभाळेल. २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीची, भाम धरणातून उठवलेल्या लोकांची पोरं बकऱ्या घेऊन नाशिकला जिल्हा परिषदेवर निघाली होती, आठवतं का? "दप्तर घ्या, बकऱ्या द्या". वस्तीवरची शाळा बंद केली तर आम्ही बकऱ्याच वळणार ना, असं म्हणत होती ती. फोटो सगळ्या पेपरात आले होते.

आणि लहान शाळा म्हणजे वाईट शाळा असंही नाही. त्र्यंबकेश्वर तालुक्यात हिवाळीची झेडपी शाळा बघून या, वर्षाचे ३६५ दिवस चालते, पोरं दोन्ही हातांनी लिहितात.

मास्तर_डोंगरमाथा

हिवाळीच्या गुरुजींना दंडवत. पण एक सांगतो, दरवेळी आम्हाला तिचं उदाहरण देऊन "बघा, पैसा नसताना होतं" म्हणू नका. एक माणूस स्वतःचं आयुष्य ओतून शाळा उभी करतो ते थोरच आहे, पण तीन हजारांवर शाळांच्या जिल्ह्यात धोरण त्याच्या जिवावर आखता येत नाही.

किकवीकाठचा_भाऊ

मास्तरांना हजार मोदक.

वकीलीण_पंचवटी

उशिरा आले, पण वैशालीताईंच्या मूळ प्रश्नावर कामाचं लिहिते.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे समितीत किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात हे तुम्हाला माहीत असेलच. कलम २२ बघा. समितीनं शाळा विकास आराखडा करायचा असतो, आणि शासनाचं किंवा स्थानिक प्राधिकरणाचं अनुदान त्या आराखड्याच्या आधारावर ठरावं असं कायद्यातच लिहिलंय. बहुतेक ठिकाणी हा आराखडा मागच्या वर्षीचा कॉपी-पेस्ट असतो. तुम्ही खरा करा. फिल्टर, तोट्या, संडासाची कडी, सगळं दरपत्रकासकट लिहा. पिण्याचं पाणी हे कायद्याच्या परिशिष्टातल्या मानकांत आहे, म्हणजे ती वर्गणीतून भागवायची हौस नाही, देण्याची जबाबदारी सरकारची आहे. ठराव करा, आवक क्रमांक घ्या, महिन्याभरात उत्तर नाही आलं तर माहिती अधिकारात विचारा की आमच्या आराखड्यावर काय निर्णय झाला.

रानवाराताई, तुमच्यासाठी. पेसा गावांना, म्हणजे आदिवासी क्षेत्राच्या पेसा कायद्याखालच्या गावांना, आदिवासी उपयोजनेतून थेट ग्रामपंचायतीला ५ टक्के अबंध (ठरावीक कामाला न बांधलेला) निधी येतो, आणि त्याच्या खर्चाच्या बाबींत आरोग्य, स्वच्छता, शिक्षण आहे. ग्रामसभेचा ठराव लागतो. गेल्या काही वर्षांचा खर्च ग्रामसभेत वाचून दाखवायला सांगा.

रानवारा_सुरगाणा

आमच्याकडे तो पैसा बहुतेक पेव्हर ब्लॉकला जातो. या वेळच्या ग्रामसभेत बायकांना घेऊन बसते. ठरावाचा नमुना टाकाल का इथे?

वकीलीण_पंचवटी

रात्री टाकते.

सातपूरचा_संतोष

मॅडम, आणखी एक विचारू का. कंपनीतल्या एकानं सांगितलं की आठवीत एनएमएमएस या शिष्यवृत्तीची परीक्षा पास झाली की बारावीपर्यंत वर्षाला १२ हजार मिळतात. माझ्या भाचीला चालेल का? ती अनुदानित शाळेत आहे. पोरगा तर खासगीत आहे.

मास्तर_डोंगरमाथा

संतोषभाऊ, भाचीला चालेल. सरकारी, स्थानिक संस्थेच्या आणि अनुदानित शाळेतल्या मुलांसाठीच आहे ती, घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत पाहिजे. सातवीला ५५ टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातीला सूट आहे. विनाअनुदानित खासगी शाळेतल्या मुलाला नाही मिळत. उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा, फॉर्म सुटले की सेतू केंद्रात रांग लागते.

सातपूरचा_संतोष

म्हणजे मी पदरमोड करून पोराला खासगीत टाकला म्हणून त्याला हे पण नाही. बरं. भाचीचा भरतो. आणि वैशालीताई, तुमच्या शाळेत सहावीला सेमी आहे का? किती शिक्षक आहेत सध्या?

पेठरोड_वैशाली

तीन शिक्षक आहेत, पटाप्रमाणे तेवढेच मिळतात, आणि पाचवीपर्यंतच आहे. सेमी पहिलीपासून सुरू करा अशी मागणी आराखड्यात घालणार आहोत. तुमच्यासारखे आणखी दहा पालक आले तर पट ९४ होतो, ९० च्या वर गेलो की शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे चौथा शिक्षक मागता येतो. धाकटा कोणी असेल तर सांगा, मी स्वतः शाळा दाखवायला येईन.

वकीलताई, शनिवारी समितीची बैठक लावलीय. दुरुस्तीवाल्याकडून लेखी दरपत्रक मागवलंय. घरटी शंभर रुपयांचा ठराव सध्या थांबवलाय, ज्यांनी दिले होते त्यांना परत केले. मास्तर, आमच्याकडेही आधारचं तपासलं, नऊ मुलांची नावं जुळत नाहीत. आधार केंद्राचं मशीन एक दिवस शाळेतच आणायचं असेल तर अर्ज कुणाकडे करायचा, कुणाला माहीत आहे का?